चौकटीतलं तेवढं उतरवा

मला राग फार येतो. बायको म्हणते, ह्यांना चूक दाखवायची असली तर आधी दार उघडं ठेवावं, पळायला बरं पडतं. पुढं जे सांगणार आहे त्यात ह्या रागाचाच मोठा हात आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

मी धाराशिवात घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो. प्रोग्रामिंगचं. ह्या धंद्यातल्या माणसांसाठी प्रश्नोत्तरांची एक साईट आहे. जगात कुठंही कुणाचं अडलं की तो तिथं विचारतो आणि ज्याला येतं तो सांगतो. उत्तर आवडलं की लोक वरचा बाण दाबतात आणि आपल्या नावापुढचे गुण चढत जातात. त्या गुणांनी चहासुद्धा मिळत नाही, पण मला त्यांचं लई वेड होतं. सकाळी दात घासायच्या आधी मी गुण बघायचो.

तिथं लिहायची एक रीत आहे. समजावून सांगायचं ते साध्या अक्षरात लिहायचं, आणि कॉम्प्युटरला द्यायच्या ज्या ओळी, म्हणजे कोड, तो करड्या रंगाच्या चौकटीत टाकायचा. कोड असेल तरच चौकट, नाहीतर नाही, एवढा साधा नियम. पण चौकटीत टाकलेलं कसं उठून दिसतं! मी काहीही चौकटीत टाकायला लागलो. ‘महत्त्वाचं’ हा शब्द चौकटीत, कंपन्यांची नावं चौकटीत, शेवटचा ‘धन्यवाद’ चौकटीत. लग्नपत्रिकेत प्रत्येक चुलत्याचं नाव ठळक छापायचा हट्ट असतो ना, तसलं ते प्रकरण होतं.

ही चौकटीची आवड मला कुठून लागली ते मला पक्कं माहीत आहे. मी इथून जवळच्या तेर गावच्या शाळेत शिकलो. तिथं गणिताला एक सर होते. अख्खा फळा भरून लिहायचे. मधेच गोष्ट सांगायचे, एखादं गणित मुद्दाम चुकीच्या वाटेनं नेऊन परत आणायचे. मग शेवटी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चार रेघांची एक चौकट काढायचे. पट्टी न लावता, पण पट्टीनं काढल्यासारखी. तिच्यात सूत्र लिहायचे आणि हात झटकून म्हणायचे, “चौकटीतलं तेवढं उतरवा. बाकीचं समजायसाठी हाय, वहीसाठी न्हाय.” कुणी चौकटीतलं जरा बदलून लिहिलं तर वही परत. “चौकटीत आपली अक्कल लावायची न्हाय. जसं हाय तसं.”

त्यांची आणखी एक रीत होती. फळ्यावरची त्यांची चूक जो दाखवील त्याला ते अख्खा नवा खडू द्यायचे, सगळ्या वर्गासमोर. चूक दाखवल्यावर खूश होणारा दुसरा माणूस मी आजपर्यंत पाहिला नाही. मला साऱ्या शाळेत दोन खडू मिळाले. एक कंपासपेटीत इतके दिवस ठेवला की त्याचा चुरा झाला.

रविवारी आम्ही चार-पाच जण सरांच्या घरी जादा गणितं सोडवायला जायचो. सरांच्या वर्गात सरांशिवाय कुणी बोलायचं नाही आणि सरांच्या घरात काकूंशिवाय कुणी बोलायचं नाही. काकूंचा आवाज असा की त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसायचं. दिवसभर चालू. मांजराशी भांडण, भाजीवालीशी भांडण, सरांशी तर काय विचारूच नका. आणि त्या घरातनं उपाशी कधी कुणी गेलं नाही.

तर त्या साईटवर. तिथं उत्तर देणाराच ते दुरुस्त करतो असं नाही, इतरही करू शकतात. एक माणूस माझ्या मागं लागला. कुठल्या देशातला, पुरुष का बाई, काही माहीत नाही. आपण माणूस म्हणू. तो माझ्या उत्तरांतल्या नको त्या चौकटी काढून टाकायचा आणि खाली दोन ओळी लिहायचा. चौकट कोडसाठी आहे, जोर देण्यासाठी वापरू नये. अगदी सभ्य भाषेत. त्या सभ्यपणानंच माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. म्हटलं, आला उंटावरचा शहाणा. उत्तर माझं, गुण माझे, ह्याला काय पडलंय? त्यानं चौकट काढली की मी परत घालायचो. तसं एक बटणच आहे तिथं, दुसऱ्यानं केलेली दुरुस्ती उलटवायचं.

त्यातलं एक उत्तर नीट सांगायला पाहिजे. कुणीतरी विचारलं होतं, खूप फायलींची नावं एका दमात कशी बदलायची. मी झकास उत्तर लिहिलं. पहिल्या चौकटीत बरोबर ओळी. कॉम्प्युटरला हुकूम द्यायची काळी खिडकी असते, तिच्यात त्या टाकल्या आणि एंटर मारला की सगळ्या फायलींना ओळीनं नंबर पडतात. मग मला वाटलं, लोक इथं एक चूक हमखास करतात, ती दाखवावी. सगळ्या फायलींना एकच नाव दिलं तर काय होतं? दुसरी फाईल पहिलीवर बसते, तिसरी दुसरीवर, आणि सगळ्यांत शेवटची तेवढी उरते. बाकीच्या गेल्या. असं करू नका, एवढं मी साध्या अक्षरात लिहिलं. आणि ती चूक डोळ्यांत भरावी म्हणून तिच्या ओळी दुसऱ्या चौकटीत टाकल्या. पहिलीसारखीच करडी, तशीच ऐटबाज.

त्या माणसानं ती दुसरी चौकट काढली. तिच्यात होतं ते साध्या वाक्यात लिहिलं आणि खाली मला सांगितलं, चौकटीतलं लोक वाचत नाहीत, उतरवून घेतात. जे चालवायचं नाही ते चौकटीत ठेवू नये.

मी ते बटण दाबलं. चौकट परत आणली आणि खाली लिहिलं, ‘माझे वाचक लहान पोरं नाहीत. त्यांना वाचता येतं.’ त्यावर तो काही बोलला नाही. मी जिंकलो. चहा पिताना बायकोला सांगितलं, एकाची चांगली जिरवली आज.

मागच्या वर्षी काकूंचा आवाज बसला. आधी खोकला समजून काढे झाले. मग सोलापूरला नेलं तर स्वरयंत्रात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, सगळंच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनला आठ-दहा दिवस होते.

सरांनी त्या दिवसांत एकच काम केलं. मोबाईल घेऊन काकूंच्या मागं मागं फिरले. सगळं रेकॉर्ड केलं. आवाज बसका झालेला, तरी काकू त्या काकूच. लातूरच्या लेकीशी फोनवरचं बोलणं, भाजीवालीशी घासाघीस, शेंगदाण्याच्या चटणीत लसूण किती, मांजराला दिलेल्या शिव्या, नातवंडांना मारलेल्या हाका. काकू आधी लाजल्या, मग चिडल्या. “मेलं, मी काय कुठं चाललेय का? बंद करा ते,” हेसुद्धा रेकॉर्ड झालं. सरांनी मला हे सगळं फोनवर सांगितलं होतं, हसत हसत. दोनशेच्या वर तुकडे झाले म्हणाले. “आता काय जाईना आवाज. माझ्यापाशी हाय.”

ऑपरेशन झालं. काकू वाचल्या. गळ्याला पुढून एक भोक आहे, त्यातून श्वास घेतात. बोलायचं असलं की पाटीवर लिहितात, साध्या शाळेच्या पाटीवर.

सर निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकले होते. बऱ्यापैकी जमायचं त्यांना. मोबाईल भरला म्हणून त्यांनी सगळे तुकडे कॉम्प्युटरवर घेतले आणि मोबाईलमधले पुसून टाकले. पण त्यांची नावं म्हणजे नुसते आकडे, तारखा आणि वेळा जोडलेले. गणिताच्या माणसाला ते कसं चालणार? त्यांना शून्य शून्य एकपासून ओळीनं नंबर पाहिजे होते. एका सकाळी त्यांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो, कानात दुसरंच चाललेलं. म्हणालो, “सर, ह्याच्यावर मीच एक उत्तर लिहिलंय, लिंक पाठवतो. फार वाचत बसायची गरज नाही. चौकटीतलं तेवढं उतरवा, झालं काम.”

सर किती मोठ्यांदा हसले! “माझंच मला शिकवतोस व्हय रे?”

मलाही फार बरं वाटलं. गुरूचं वाक्य गुरूला परत. फोन ठेवला आणि मीटिंगमध्ये न ऐकलेल्या प्रश्नाला मान हलवली.

दुसऱ्या दिवशी परत फोन. “अरे, एकच दिसतीया.”

“काय एकच?”

“फाईल.”

मी म्हणालो, सर नीट बघा, दुसऱ्या फोल्डरात असतील. असतीलच. पण बोलता बोलताच लॅपटॉप मिटला. दुपारच्या एसटीनं तेरला गेलो.

सरांनी आपली वही पुढं केली. माझं उत्तर त्यांनी आधी वहीत उतरवून घेतलं होतं, पेननं. पहिली चौकट, तिच्याखाली दुसरी चौकट. भोवतीच्या रेघांसकट. अक्षर न् अक्षर, स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडं नाही. मधलं माझं साधं इंग्रजी त्यांनी घेतलं नव्हतं, कारण ते समजायसाठी असतं, वहीसाठी नसतं. मग वहीत बघून दोन्ही चौकटी एकामागून एक कॉम्प्युटरला दिल्या होत्या. पहिलीनं ओळीनं नंबर पडले. दुसरीनं काय केलं ते मी वर सांगितलंच आहे.

तरी मी म्हणालो, काढू परत, अजून डिस्कवर असतील. तेव्हा कळलं की माझ्या आधी त्यांनी गावातल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. त्यानं सगळं पुसून विंडोज नवं टाकलं, उरलेली ती एक फाईल तेवढी पेनड्राइव्हवर काढून दिली आणि ‘एकदम स्वच्छ केलाय’ म्हणून गेला. मी डिस्क काढून सोलापूरला नेली. तिथल्या माणसानं चार दिवस ठेवून घेतली. हाती काय आलं, तर तापल्या तेलात पाणी तडतडावं तसला आवाज. त्यात माणूस नव्हतं.

उरलेली एक फाईल म्हणजे सगळ्यांत शेवटची. ऑपरेशनच्या दिवशीची, सकाळची, वॉर्डातली. कसल्यातरी ढकलगाडीचं चाक करकरत जातं. मग सरांचा आवाज, “बोल की. काय पण बोल.” मग काही नाही. “अगं, बोल की.” परत काही नाही. दूर कुणीतरी नर्सला हाक मारतं. मग सर म्हणतात, “बरं. ऱ्हाऊ दे.” एवढंच. काकू त्या सकाळी भेदरून गेल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

मला वाटलं सर मला झापतील. झापायला पाहिजे होतं. ते म्हणाले, “माझंच चुकलं बघ. वय झालं आता. काहीतरी भलतंच दाबलं आसंल.” गावात, लेकीला, पाहुण्यारावळ्यांना त्यांनी हेच सांगितलं, की माझ्या हातनं गेलं. लेक म्हणे फोनवर त्यांना टाकून बोलली. आणि मी ते चालू दिलं! पंधरा दिवस मी तोंड उघडलं नाही. त्या लेकीनं बापाला बोललेलं मला तिसऱ्याकडून कळलं, तरी मी गप्प. एरवी एका स्वल्पविरामावरून भांडणारा मी.

ह्या पंधरा दिवसांत मी एकदा ते उत्तर उघडलं. तिथं कुणी कधी काय बदललं ह्याची सगळी नोंद राहते, पुसता येत नाही. त्या माणसाची दुरुस्ती होती. तिच्यावर माझी उलटापालट होती. ‘माझे वाचक लहान पोरं नाहीत.’ मी ती दुसरी चौकट काढली. त्याचं वाक्य जसंच्या तसं परत ठेवलं. बैल गेला नि झोपा केला.

मग एका रविवारी लॅपटॉप घेऊन तेरला गेलो. सर ती फाईल ऐकत बसले होते. मला म्हणाले, “बस. हे ऐक. ‘बोल की’च्या नंतर नीट कान दे. तिचा श्वास ऐकू येतोय का न्हाय?” त्यांनी आवाज मोठा केला. मी कान दिला. मला चाक ऐकू आलं, पंखा ऐकू आला. श्वास असेलही, मला कळलं नाही. सर माझ्या तोंडाकडं बघत होते. “हाय ना? मला तर येतोय.”

मला सहन झालं नाही. सगळं सांगून टाकलं. लॅपटॉप उघडून ती नोंद त्यांच्यापुढं ठेवली. सरांनी चष्मा लावला आणि पेपर तपासावा तसं बोट ठेवून वाचलं.

“ह्या माणसानं काढली व्हती चौकट?”

“व्हय सर.”

“कधी?”

“तुम्ही उतरवायच्या बऱ्याच आधी.”

“आन् तू परत घातलीस.”

“हो.”

“का?”

म्हणालो, “राग आला, सर.”

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग उठले, कपाटातून एक जुना डबा काढला आणि त्यातला एक खडू माझ्या हातावर ठेवला. अख्खा, न वापरलेला. “हा तुझा न्हाय,” म्हणाले. “त्या माणसाचा हाय. पोचव.”

तो मी अजून पोचवू शकलेलो नाही. त्या माणसाला त्याच साईटवर लिहिलं, तीनदा लिहिलं. तो आता तिथं येत नाही, वर्षभरात त्याची एकही हालचाल नाही. कंटाळला असेल. माझ्यासारखे किती भेटले असतील त्याला. खडू माझ्या टेबलावर स्क्रीनच्या खाली असतो. रोज सकाळी कामाला बसायच्या आधी मी नवी उत्तरं चाळतो आणि लोकांच्या नको त्या चौकटी काढतो. खाली दोन ओळी लिहितो, जमेल तितक्या सभ्य भाषेत. बोलणी खातो. परवा एकानं मला विचारलं, तुला दुसरा उद्योग नाही का? नाही, असंच खरं उत्तर आहे, पण ते मी लिहिलं नाही. ज्यांनी परत घातल्या त्यांच्या परत काढतो.

पण त्या रविवारी खडू मुठीत घेऊन मी उठलो तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ऐकू तर त्यांना चांगलं येतं. हातात पाटी होती. त्या लिहायला लागल्या आणि मी मान खाली घालून थांबलो. म्हटलं, आता काय लिहितील ते लिहितील, आपल्याला ते घ्यायचंच आहे. पेन्सिल करकरत होती. पाटी माझ्यापुढं आली.

‘मी कशी बोलायची, सांग.’

मी सरांकडं बघितलं. ते खिडकीकडं तोंड करून बसले होते. सांगायला पाहिजे होतं. इतकी वर्षं त्या घरात जेवलो, इतक्या वर्षांची बडबड ऐकली. आणि आठवायला गेलो तर काही म्हणता काही येईना. मांजराला काय म्हणायच्या? भाजीवालीला काय म्हणायच्या? आवाज मोठा होता हे आठवत होतं, आवाज आठवत नव्हता. शेवटी एकच वाक्य सापडलं. म्हणालो, “काकू, आम्ही निघालो की तुम्ही आतनं ओरडायचात, ‘कुठं चाललास रे? जेवून जा.’”

पण ते माझ्या आवाजात आलं. माझ्या ह्या घोगऱ्या, घाबरलेल्या आवाजात. काकूंनी मान तिरकी करून ऐकलं, जणू दुसऱ्या कुणाचं काहीतरी ऐकतायत. मग त्यांनी पाटी खाली घेतली, माझ्याकडं बघितलं आणि त्यांचे ओठ हलले. कुठं चाललास रे. जेवून जा. गळ्याच्या भोकातून नुसती हवा वाजली.

सर वळून बघायला लागले. मी खडू खिशात ठेवला, हात धुतले आणि पाटावर जाऊन बसलो.